वसंतातली फॉक्स नदी: बंधाऱ्याखाली उभं राहून बास का लागत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सांगलीचे, कृष्णा-वारणेवर मरळीला गळ टाकत वाढलात. आता शिकागोच्या पश्चिमेला ऑरोरात राहता. एप्रिलच्या मध्यावर लागोपाठ दोन शनिवार मुलाला घेऊन सकाळी सकाळी फॉक्स नदीच्या बंधाऱ्याखाली उभे राहिलात, जड शिसं लावून गांडुळं तळाला सोडली, शिसं सारखं अडकत राहिलं आणि लागला तो एकच कार्प. बास (इथला शिकारी मासा) आहेत कुठे, क्रॅपी (त्याहून लहान, खायला चांगला मासा) या नदीत आहेत तरी का आणि आमिष कुठलं घ्यावं, हे तुम्हाला हवंय.

आमिषाचं नंतर बघू, तो भाग सगळ्यात सोपा आहे. दुकानात शंभर डॉलर घालवण्याआधी दहा-बारा डॉलरचा, दोरीला बांधून पाण्यात सोडायचा थर्मामीटर घ्या. नदीवरच्या वसंतात त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

अडचण अशी की आपल्या डोक्यातलं माशांचं पंचांग इथे उलटं चालतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नदी आटलेली, डोह तेवढे उरलेले. मृगाचा पाऊस पडून पहिलं गढूळ पाणी आलं की चढणीचे मासे सुरू. रोहू, कटला, मरळ, सगळ्यांची वीण पावसाळ्याशी बांधलेली. त्यामुळे पाणी वाढलं की मासा निघतो, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. इथे, इलिनॉय राज्यात, नदी भरते ती मार्च ते मे, वितळलेला बर्फ आणि वसंतातला पाऊस यांनी. बास, क्रॅपी, ब्लूगिल यांची वीणही साधारण याच हंगामात येते, पण ती पुरावर ठरत नाही, पाण्याच्या उबेवर ठरते. पूर त्यांना नकोच असतो. स्मॉलमाउथ बासचा नर गोट्यांमध्ये शेपटीने खळगा साफ करून त्यात अंडी सांभाळतो; ऐन वेळी लोंढा आला तर अंडी-पिल्लं वाहून जातात आणि त्या वर्षीची पिढी बारीक निघते. म्हणून इथला मासा वसंतात दोन गोष्टी शोधत असतो: धारेपासून आडोसा आणि आजूबाजूपेक्षा अंशभर तरी कोमट पाणी. तुम्ही बंधाऱ्याच्या फेसात जड शिसं टाकत होतात, तिथे यातलं काहीच नव्हतं. कार्पला मात्र त्याचं फारसं काही वाटत नाही.

आता उबेचं गणित. इथे सगळे फॅरनहाइटमध्येच बोलतात, तुम्हीही तीच सवय लावून घ्या. पाणी ५० अंशांच्या (म्हणजे १० सेल्सियसच्या) खाली असेल तर स्मॉलमाउथ हिवाळ्याच्या खोल डोहातच असतो, मंद, फार न हलणारा. लागतो, पण नाकासमोर आमिष नेऊन ठेवावं लागतं. ५० पार झालं की तो डोहातून निघून उथळाकडे सरकायला लागतो आणि ५५ ते ६० या टप्प्यात वर्षातलं सगळ्यात जोरदार खाणं चालतं. माद्या अंड्यांनी भरलेल्या, तळातल्या गोट्यांखालून क्रेफिश (कोळंबीसारखे नांगीवाले प्राणी) बाहेर पडलेले, मासा भुकेला. ६० ते ६५ ला नर खळगे करतात. लार्जमाउथ बासची वीण साधारण याच सुमारास किंवा किंचित नंतर, पण गोट्यांत नाही, संथ कोपऱ्यात. क्रॅपी ५० च्या पुढे काठाकडे येतात आणि साठीच्या आसपास विणतात. ब्लूगिलला सत्तरीजवळचं पाणी लागतं, म्हणजे इकडे मे अखेर ते जून.

हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. थर्मामीटरवरच्या आकड्यापेक्षा तो कुठल्या दिशेला चाललाय ते महत्त्वाचं. चार दिवस ऊन पडून ४८ वरून ५३ वर चढलेलं पाणी, ५८ वरून थंडीच्या लाटेत ५३ वर उतरलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगलं. आकडा एकच, मासा वेगळा. एप्रिलमध्ये इथे एक दिवस सत्तरीतली हवा आणि दोन दिवसांनी बर्फाची भुरभुर हे नेहमीचंच. तशी लाट येऊन गेल्यावर लगेचच्या शनिवारी नदीवर जाण्यापेक्षा घरी तंगूस बदलत बसलेलं बरं.

यातूनच पुढची गोष्ट: पहाटे जाऊ नका. भल्या पहाटे गळ टाकायचा हा आपला उन्हाळ्यातला धडा, तो जून-जुलैसाठी राखून ठेवा. एप्रिलमध्ये पाणी सर्वात गार असतं ते सकाळीच. दुपारी दोन ते पाच या वेळात उथळ संथ पाणी दोन-चार अंशांनी तापतं आणि तेवढ्याने मासा खायला निघतो. उत्तरेकडचा काठ बघा, कारण दक्षिणेचं ऊन त्याच्यावर पडतं. काळे दगड, चिखलाचा उथळ तळ, काँक्रीटच्या भिंतीची कडा, हे लवकर तापतं. छोट्या ओढ्याचं तोंडही बघून घ्या: उबदार पावसानंतर ओढ्याचं पाणी नदीपेक्षा कोमट असतं, तेव्हा ती जागा सोन्याची, वितळलेल्या बर्फाचं असेल तेव्हा उलट, तिथून लांब राहा. थर्मामीटर बुडवला की मिनिटात कळतं.

दुसरी गोष्ट पाण्याची पातळी. तुम्ही सांगलीचे, म्हणजे हे तुम्हाला शिकवायला नको. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, कोयनेतून किती क्यूसेक सोडले, हे पावसाळ्यात घरोघरी चालतं. तीच सवय इथे वापरा. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याची, यूएसजीएसची, मोजणी केंद्रं फॉक्सवर अल्गॉनक्विन, माँटगोमेरी, डेटन अशा ठिकाणी आहेत. पातळी आणि क्यूसेक दोन्ही त्यांच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. माँटगोमेरी तर तुमच्या ऑरोराला लागूनच आहे. नुसता आजचा आकडा बघू नका, आठवड्याचा आलेख बघा. रेघ चढत असेल तर मासा काठाला चिकटतो, बुडालेल्या गवतात, झाडांच्या मुळांत. पंधरा फुटांवर टाकण्यापेक्षा पायाशी टाका. रेघ दोन-तीन दिवस सावकाश उतरत असेल आणि पाणी निवळत असेल, तर कामावरून लवकर निघा. रेघ एकदम खाली कोसळत असेल तर काठचा मासा अंग काढून खोलात जातो आणि काही काळ रुसतो. निवळ किती, हे बघायचं साधं माप: पांढरं जिग (डोक्याला शिसं ओतलेला गळ) पाण्यात सोडा. वीतभर खाली जाताच दिसेनासं झालं तर बासचा नाद सोडा, कॅटफिश बघा. फूट-दीड फूट दिसलं तर पुरेसं आहे. नितळ काचेसारखं पाणी वसंतात मिळत नाही आणि नकोही, त्यात मासा बुजतो.

आता जागा वाचणं. यात सगळी मजा आहे, म्हणून जरा थांबतो.

काठावर गेल्यावर पाच मिनिटं गळ टाकूच नका. पुलाच्या खांबाच्या खालच्या अंगाला बघत राहा. खांबाच्या दोन्ही बाजूंनी पाणी पळतं, पण मागे एक लांबट त्रिकोण उरतो. त्यात पडलेलं वाळकं पान पुढे जात नाही. गोल फिरतं, मधूनच नदीच्या उलट दिशेने खांबाकडे सरकतं, खांबाला टेकतं, पुन्हा धारेत ओढलं जाऊन बाहेर फेकलं जातं. पळतं पाणी आणि फिरतं पाणी यांच्या सीमेवर फेसाची एक रेघ असते, कधी सुतळीएवढी, कधी हातभर रुंद. स्मॉलमाउथ त्या रेघेच्या आत, संथ बाजूला असतो. धार त्याच्यासमोरून खाणं वाहून नेते आणि तो एक झेप टाकून परत आडोशाला येतो. मासा तोंड नेहमी पाण्याच्या प्रवाहाकडे ठेवतो. भोवऱ्यात पाणी उलटं वाहत असेल तर तोही उलटा, म्हणजे नदीच्या खालच्या दिशेला तोंड करून असतो. म्हणून भोवऱ्यात ‘वरून खाली’ आणलेलं आमिष त्याच्या शेपटीकडून येतं आणि मासा बिचकतो. आधी पान बघा, मग ठरवा कुठून आणायचं.

हेच चित्र लहान-मोठ्या आकारात सगळीकडे सापडतं: बेटाचं खालचं टोक, पडलेलं झाड, काठातून नदीत शिरलेली दगडांची रांग, बंधाऱ्याखाली दोन्ही बाजूंना भिंतीलगतचं उलटं पाणी. फॉक्सवर सेंट चार्ल्सपासून यॉर्कव्हिलपर्यंत छोटी बेटं भरपूर आहेत. मला विचाराल तर मी बंधाऱ्यापेक्षा बेटं घेईन. बंधाऱ्याखाली गर्दी असते आणि तिथल्या प्रत्येक माशाने त्या आठवड्यात चार प्रकारची प्लास्टिकं पाहिलेली असतात.

बंधाऱ्याबद्दल एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. हे बुटके बंधारे चार-सहा फुटांचे निरुपद्रवी दिसतात, पण पडणारं पाणी तळाशी जाऊन उलटं वर येतं आणि माणसाला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतं. पोहता येणं तिथे कामाला येत नाही. यॉर्कव्हिलच्या बंधाऱ्यावर २००६ मध्ये एकाच दिवशी तिघे बुडाले; त्यानंतर त्याची रचना बदलून पायऱ्या केल्या. ५० अंशांच्या पाण्यात शरीर काही मिनिटांतच ढिलं पडतं. मुलगा सोबत आहे, तर काठावरसुद्धा त्याला लाइफ जॅकेट घाला आणि मे महिना संपेपर्यंत कंबरभर पाण्यात उतरून चालण्याचा विचार करू नका.

क्रॅपी. होय, या नदीत आहेत, पण तुम्ही उभे होतात तिथे नाहीत. क्रॅपीला धार सोसत नाही. बंधाऱ्याखाली नको, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला बघा, जिथे पाणी अडून तळ्यासारखं झालंय: बोटींचे धक्के, बुडालेल्या फांद्या, खाडीसारखे आत शिरलेले कोपरे. वर विस्कॉन्सिनच्या सीमेजवळ फॉक्स ज्या तळ्यांच्या साखळीतून येते, तो चेन ओ’ लेक्सचा भाग क्रॅपीसाठी नदीपेक्षा उजवा. आणि खाली इलिनॉय नदीची बाजूची तळी, जी पुरात नदीला जोडली जातात. क्रॅपीच्या दोन जाती आहेत. व्हाइट क्रॅपीच्या अंगावर फिकट उभे पट्टे, पाठीच्या पराला साधारण सहा काटे. गढूळ पाणी त्याला चालतं. ब्लॅक क्रॅपीवर काळी शिंपडण, काटे सात-आठ. त्याला जरा निवळ आणि पाणवनस्पती हव्यात. पकडायची पद्धत एकच.

इथे तुमचं मरळीचं वळण मोडावं लागेल. मरळ घेते तेव्हा आपण हिसका देतो. क्रॅपीच्या तोंडाची कड कागदासारखी पातळ असते; हिसका दिलात की गळ फाडून मासा मोकळा. फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण) तिरपा झाला किंवा आडवा पडला की नुसतं मनगट उचला. आडवा पडणं लक्षात ठेवा: क्रॅपी खालून येऊन आमिष उचलतो, तेव्हा फ्लोट बुडत नाही, त्याच्यावरचं ओझं गेल्याने आडवा होतो. नवखे लोक तो बुडायची वाट बघत बसतात. दुसरं म्हणजे क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूला असतात, त्यामुळे तो वरचं बघतो, खालचं फारसं नाही. चार फुटांवर मासा असेल तर आमिष तीन फुटांवर लोंबकळू द्या. पाचवर ठेवलंत तर दिवसभर बसाल. एका औंसाच्या बत्तिसाव्या भागाचं जिग, दोन इंचांचं मऊ प्लास्टिक किंवा जिवंत मिनो (आमिषाचे बारके मासे), चार पौंडांची (तेवढा ताण सोसणारी) तंगूस. हलवू नका. वाऱ्याने पाणी हलतं तेवढं पुरतं. इथले जुने लोक म्हणतात, रेडबडच्या झाडाला गुलाबी फुलं आली की क्रॅपी काठाला आले. माझा अनुभव या म्हणीच्या बाजूचाच आहे. झाड आणि मासा दोघेही एकाच उन्हाचा हिशेब ठेवतात.

बासचं आमिष लवकर उरकतो. एका औंसाच्या सोळाव्या-दहाव्या भागाचं अळंबीच्या टोपीसारखं चपटं जिग आणि त्यावर पावणेतीन इंचांचा प्लास्टिकचा तुकडा, ज्याला नेड रिग म्हणतात, रंग तपकिरी किंवा हिरवट. धारेच्या वरच्या अंगाला टाका, गोट्यांवरून टकटक करत संथ पाण्यात येऊ द्या. गोट्यांत अडकत असेल तर जिग हलकं करा, जड नाही. तुमचं शिसं अडकत होतं ते याच कारणाने. पाणी गार असेल तेव्हा जर्कबेट (लांबट, कडक नकली मासा), दोन झटके आणि मग थांबणं, थांबणं जितकं लांबवता येईल तितकं. पाणी गढूळ आणि चढतं असेल तर स्पिनरबेट (फिरत्या चकचकीत पात्याचं आमिष) काठालगत. सहा पौंडांची तंगूस, मध्यम-हलका रॉड. टीव्हीवरच्या बास स्पर्धांमधली चकचकीत पेटी फॉक्सवर लागत नाही.

तुमच्या मुलासाठी मात्र मी स्मॉलमाउथही सुचवणार नाही, क्रॅपीही नाही. त्याला व्हाइट बासच्या चढणीला न्या. हा मासा खरा चढणीचा: पाणी पन्नाशीत आलं की इलिनॉय नदीतून झुंडीने वर निघतो. ओटावाला फॉक्स जिथे इलिनॉय नदीला मिळते, तिथून काही मैल वर डेटनचा बंधारा आहे. वाट तिथे अडते. स्टार्व्हड रॉकच्या बंधाऱ्याखालीही तीच गत. झुंड पोचली की तासाभरात हात दुखेपर्यंत मासे लागतात आणि नंतर अचानक काहीच नाही, कारण झुंड पुढे सरकलेली असते. साधं पांढरं ट्विस्टर टेल (वळलेल्या शेपटीचं मऊ प्लास्टिक) घ्या. त्या टापूत बोटीच्या इंजिनाच्या आवाजाने हवेत उड्या मारणारे सिल्व्हर कार्प दिसतील. आपल्याकडे तलावांत मत्स्यबीज म्हणून मुद्दाम सोडतात तोच मासा. इथे १९७० च्या दशकात मत्स्यपालनाच्या तळ्यांसाठी आणला, निसटला आणि आता इलिनॉय नदीला डोईजड झालाय. तो पाण्यातलं प्लवंग (सूक्ष्म तरंगते जीव) गाळून खातो, गळाला तोंड लावत नाही, तेव्हा त्याच्या मागे वेळ घालवू नका.

कॅटफिशचं एक वाक्य: बर्फ फुटल्यावर हिवाळ्यात मेलेले शॅड (छोटे चंदेरी मासे) काठाला साचतात, चॅनल कॅटफिश तेच खात असतात, म्हणून शॅडचा तुकडा लावा आणि गढूळ, चढत्या पाण्याचे दिवस त्यांच्यासाठी राखून ठेवा.

परवाना. सोळा आणि त्यावरच्या वयाच्यांना लागतो, मुलगा त्याहून लहान असेल तर त्याला लागणार नाही. इलिनॉयचा वार्षिक परवाना ३१ मार्चला संपतो, त्यामुळे फेब्रुवारीत काढलेल्यावर एप्रिलमध्ये उभे राहिलात तर दंड होईल. स्मॉलमाउथचे नियम नदीनुसार आणि हंगामानुसार बदलतात. विणीच्या काळात लागलेला मासा परत सोडण्याची सक्ती असू शकते, म्हणून राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाची त्या वर्षीची पुस्तिका फोनमध्ये ठेवा. नियमात असो वा नसो, खळग्यावर बसलेला नर दिसला तर त्याच्यावर गळ टाकू नका. तो भुकेने चावत नाही, घुसखोर हाकलायला चावतो. दोन मिनिटं तो हातात राहिला की तेवढ्यात ब्लूगिल येऊन अंडी साफ करतात. उथळात गोल, पांढरट, घासून काढलेली ताटाएवढी जागा दिसली की तो खळगा समजा आणि पुढे सरका.

घरी खायला काय न्यावं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणारच होतात. बास सोडा, तो नदीत असलेला बरा. क्रॅपी आणि ब्लूगिल न्या. पांढरं, कमी काट्यांचं मांस, हळद-तिखट-मीठ लावून रव्यात घोळून तळलं तर सांगलीतल्या पाहुण्यालाही चालेल. नदीतला मोठा कार्प आणि मोठा कॅटफिश टाळा, कारण वयस्क चरबीदार माशांत पीसीबी हे विषारी रसायन साचतं आणि शिकारी माशांत पारा. राज्याचा आरोग्य विभाग नदीवार, जातवार किती खावं याची यादी देतो. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर ती यादी आधी वाचा.

येत्या शनिवारसाठी एवढंच: शुक्रवारी रात्री माँटगोमेरीचा आलेख बघा. रेघ उतरती असेल आणि तीन दिवस ऊन पडलेलं असेल तर जेवून दीड-दोनला निघा, बंधारा मागे टाकून काठाकाठाने खालच्या पहिल्या बेटापर्यंत चालत जा, थर्मामीटर धारेत एकदा आणि बेटामागच्या संथ पाण्यात एकदा बुडवा. दोन्हींत दोन अंशांचा फरक निघाला तर संथ बाजूला नेड रिग टाका. रेघ चढती असेल तर गाडी उत्तरेला चेन ओ’ लेक्सकडे वळवा आणि मिनोचा डबा वाटेत घ्या.